संगणक आणि मानव्यविद्या : सांधा कोठे आहे ते पाहावे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. बारावीनंतर संगणकशास्त्र आणि इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांसारख्या मानव्यविद्या एकत्र शिकता येतील असे महाविद्यालय कसे निवडावे, असे तिघांनीही आपापल्या परीने विचारले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर विस्ताराने देत आहे, कारण उरलेल्या दोन पत्रांचा बराचसा भाग त्यात येऊन जातो.

प्रश्न : आदरणीय सर, मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र हे माझे विषय आहेत. शाळेत कोडिंगचे तास सुरू झाले तेव्हापासून मला संगणकाची गोडी लागली. परंतु माझे मन इतिहासात आणि मराठीतही तितकेच रमते. आमच्या घरी आजोबांच्या लाकडी पेटीत देवस्थानाच्या हिशेबाचे मोडी कागद आहेत आणि ते वाचता यावेत म्हणून मी मोडी शिकू लागले आहे. बाबा म्हणतात, सरळ कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला जा, वाचन घरी करता येते. दोन्ही धरायला गेलीस तर एक ना धड भाराभर चिंध्या होतील. दोन्ही विषय खऱ्या अर्थाने एकत्र शिकवणारे महाविद्यालय गोव्यात आहे का? नसल्यास बाहेर कोठे जावे आणि ते कसे पारखावे?
— एक विद्यार्थिनी, फोंडा तालुका

उत्तर : तुझे पत्र वाचून झाल्यावर ती लाकडी पेटी माझ्या मनातून जाईना, कारण तुझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यातच आहे. हिशेबाचा मोडी कागद संगणकाला वाचता यावा असे कोणाला करायचे असेल, तर त्याला काय काय यावे लागेल याचा क्षणभर विचार कर. मोडीत अक्षरे हात न उचलता ओळीने जोडलेली असतात, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा बहुधा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक लेखनिकाचे वळण वेगळे असते. चित्रातून अक्षर ओळखण्याचे तंत्र ज्याला येते, त्याला शब्द कोठे तुटतो हे ठरवता येणार नाही, कारण ते ठरवण्यासाठी त्या काळच्या जमाखर्चाची भाषा आणि देवस्थानाचा कारभार ठाऊक असावा लागतो. आणि ज्याला ती भाषा येते, त्याला रुमालात बांधलेले हजारो कागद एकट्याने वाचून काढण्यास आयुष्य अपुरे पडेल. जगातील लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मोडी लिपीला स्थान मिळाले तेच मुळी २०१४ मध्ये. म्हणजे या कामाची पायाभरणी तुझ्या लहानपणी झाली आहे आणि पुढचे काम करण्यासाठी दोन्ही बाजू जाणणारी माणसे अजून हवी आहेत.

दोन विषय ज्या ठिकाणी एकमेकांवाचून अडतात, त्या जागेला मी सांधा म्हणतो. दोन फळ्या शेजारी उभ्या केल्याने दार होत नाही. सुताराला त्यांत खाच पाडून त्या एकमेकींत बसवाव्या लागतात. महाविद्यालय निवडताना तू पदवीचे नाव, इमारत आणि जाहिरात यांच्या आधी हा सांधा शोधावास, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

बाबांची भीती मी हलकी मानत नाही. भाराभर चिंध्या होतात, हे मी वर्गात पाहिले आहे. चार विषयांची तोंडओळख करून घेतलेला आणि एकाही विषयात खोल न उतरलेला विद्यार्थी पदवीनंतर खरोखरच अडचणीत येतो. परंतु तो दोष दोन विषय घेण्याचा नसतो. दोहोंपैकी एकही पुरता न शिकण्याचा असतो. आपल्याच मातीतले उदाहरण बाबांपुढे ठेव. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मध्ये गोव्यात झाला. ते व्यवसायाने गणितज्ञ होते. प्राचीन भारतातील आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येने तोलली, ती यासाठी की नाणे जितका काळ हातोहाती फिरते तितके ते झिजते; त्यामुळे एका साठ्यातील नाण्यांचे सरासरी वजन किती घटले आणि वजनांमधील फरक किती वाढला, यांवरून त्या नाण्यांच्या चलनाचा काळ आणि क्रम यांविषयी अनुमान करता येते. हा विचार केवळ इतिहासकाराला सुचण्याजोगा नव्हता आणि केवळ गणितज्ञाला त्याची गरज भासली नसती. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनीच १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. गोवा विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या प्रशालेला आज त्यांचे नाव आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते : एका गणितज्ञाचे नाव इतिहास आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्रशालेला दिलेले आहे. त्यांचे गणित पक्के होते म्हणूनच इतिहासात त्यांच्या शब्दाला वजन आले, हेही बाबांना अवश्य सांग.

आता भाषेकडे वळू. मराठीत ‘विहीर’ या शब्दातील ‘ही’ दीर्घ आहे. पण विभक्ती लागली की ‘विहिरीत’ होते आणि तोच ‘हि’ ऱ्हस्व होतो. ‘ऊस’ चे ‘उसाला’ होते, ‘पाणी’ चे ‘पाण्यात’ होते. जुन्या वर्तमानपत्रांच्या संगणकीकृत पानांत ‘विहीर’ असा शोध घेतला, तर अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या साध्या शोधयंत्राला ‘विहिरीत’ सापडत नाही. सामान्यरूप म्हणजे काय आणि ते कोणत्या नियमांनी होते, हे व्याकरण शिकलेल्यालाच यंत्राला सांगता येते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील एक शब्द गुरूला उद्देशून आहे आणि दुसरा स्वयंपाक्याला. लिहिताना दोहोंमध्ये फरक आहे तो केवळ ‘र’ च्या एका रूपाचा. हा फरक ज्याच्या कानाला आणि डोळ्याला जाणवत नाही, त्याने लिहिलेला प्रोग्राम तो पुसून टाकील आणि आपण काय पुसले हे त्याला कळणारही नाही.

गोव्यात तर असे सांधे पावलोपावली आहेत. पोर्तुगीज दप्तरात पेडण्याचे नाव ‘पर्नेम’ असे येते, कारण आपला ‘ड’ तेथे ‘र’ ने लिहिला गेला आणि ‘पेडणें’ च्या शेवटचा अनुनासिक उच्चार ‘म’ ने दाखवला गेला. ‘केपें’ चे ‘केपेम’ याच रीतीने झाले. हे दोन नियम यंत्राला शिकवले की कितीतरी गावांची पोर्तुगीज आणि देवनागरी नावे आपोआप जुळू लागतील. पण ‘डिचोली’ चे ‘बिचोलिम’ या नियमांत बसत नाही आणि तेथे इतिहास जाणणारे माणूसच लागते. पणजीच्या पुराभिलेख दप्तराची स्थापना १५९५ ची आहे आणि तेथे पोर्तुगीज कागदांच्या जोडीला मोडी कागदही आहेत. पाट्टो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा वारसा १८३२ पर्यंत मागे जातो. एवढे धन हाताशी असलेला प्रदेश विरळा, आणि तू तेथून एका बसच्या अंतरावर राहतेस.

गोवा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने कोकणी वर्डनेटचे काम केले, तेही या संदर्भात समजून घे. वर्डनेट म्हणजे शब्दांचे असे भांडार की ज्यात समानार्थी शब्दांचे संच करून ते संच एकमेकांशी अर्थाच्या नात्याने जोडलेले असतात. आणि भारतीय भाषांची वर्डनेटे परस्परांशी सांधलेली असल्यामुळे कोकणीतील एका संचावरून हिंदी किंवा मराठीतील संचापर्यंत जाता येते. या कामात संगणकाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एका टेबलाशी बसले. असे टेबल ज्या संस्थेत असते, ती संस्था तुझ्यासाठी योग्य आहे.

महाविद्यालय पारखताना म्हणून काय विचारावे? सर्वांत उपयुक्त प्रश्न शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाविषयीचा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतील प्रकल्पांची नावे दाखवा, असे नम्रपणे सांग. त्यांत एकतरी प्रकल्प असा आहे का, की जो दोन विभागांतील अध्यापकांनी मिळून पाहिला आणि जो दोहोंपैकी एका विषयावाचून झालाच नसता? असेल तर तेथे सांधा आहे. नसेल, तर माहितीपुस्तिकेत ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द कितीही वेळा आलेला असो, तेथे दोन फळ्या शेजारी उभ्या आहेत असे समजावे.

त्यानंतर दोन्ही बाजूंचे वजन पाहावे. संगणकशास्त्राच्या बाजूला डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि गणितात संभाव्यता व रेषीय बीजगणित एवढे तरी असलेच पाहिजे; काही उदारमतवादी (लिबरल आर्ट्स) अभ्यासक्रमांत संगणकाच्या नावाखाली केवळ तयार साधने वापरायला शिकवतात, ते पुरेसे नाही. मानव्यविद्यांच्या बाजूला मूळ ग्रंथ किंवा मूळ कागद वाचून त्यावर दीर्घ निबंध लिहावा लागतो का आणि तो निबंध अध्यापक वाचून परत देतात का, हे विचारावे. संवादकौशल्य, व्यक्तिमत्त्वविकास आणि एका तासाचे नीतिशास्त्र म्हणजे मानव्यविद्या नव्हेत. अभियांत्रिकीच्या अनेक महाविद्यालयांत मानव्यविद्यांचे खाते एवढ्यावरच मिटवलेले असते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यामुळे मुलांना या विषयांची खोली कधी दिसतच नाही.

गोव्यातील मार्ग आधी सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार येथील महाविद्यालयांत २०२३-२४ पासून मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) अशी रचना आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यांपैकी तीन वर्षांत मेजरला ६० आणि मायनरला २४, तर चार वर्षांत मेजरला ८० आणि मायनरला ३२ श्रेयांक मिळतात. चोवीस श्रेयांक म्हणजे चार-चार श्रेयांकांचे सहा विषय झाले. इतिहासाचे किंवा मराठीचे सहा विषय मन लावून केले तर ती तोंडओळख राहत नाही. याशिवाय पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. तुझी लाकडी पेटी उघडण्याची ती जागा आहे.

कागदावरची ही सोय प्रत्यक्षात मिळते की नाही, हे मात्र वेळापत्रकावर अवलंबून असते. संगणकाचे प्रात्यक्षिक आणि इतिहासाचा तास एकाच वेळी ठेवलेला असेल, तर आराखडा कितीही उत्तम असला तरी तुला नाइलाजाने त्याच विज्ञान विभागातील मायनर घ्यावे लागेल. म्हणून प्रवेशापूर्वी कार्यालयात विचारू नकोस, विभागप्रमुखांना विचार : बी.एस्सी. संगणकशास्त्राचा विद्यार्थी कला शाखेतील मायनर घेऊ शकतो का आणि आजवर कोणी घेतले आहे का? यासाठी कला आणि विज्ञान एकाच आवारात असलेली महाविद्यालये सोयीची पडतात. तुझ्या तालुक्यातच खांडोळ्याचे सरकारी महाविद्यालय कला, विज्ञान आणि वाणिज्य या तिन्ही शाखांचे आहे. मडगावचे पार्वतीबाई चौगुले महाविद्यालय २०१४ पासून स्वायत्त असल्याने त्याला स्वतःचा अभ्यासक्रम आखता येतो. मिरामारचे धेंपे आणि म्हापशाचे सेंट झेवियर ही महाविद्यालयेही पाहून ये. चार दिवस काढ, बाबांना बरोबर ने, आणि वर्गाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी अवश्य बोल. ती मुले खरे सांगतात.

बाबांच्या मनातील अभियांत्रिकीला मी विरोध करणार नाही, पण तेथेही निवड करता येते. झुआरीनगर येथील बिट्स पिलानीचे गोवा संकुल २००४ मध्ये सुरू झाले. तेथे अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मानव्यविद्यांचे काही वैकल्पिक विषय करावेच लागतात. प्रवेश बिटसॅट या संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मिळून ७५ टक्के, तसेच प्रत्येक विषयात किमान ६० टक्के लागतात. शुल्क मोठे आहे, हेही ध्यानात घ्यावे. इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यानुसार १८ ते २० जादा श्रेयांक घेऊन मायनर करण्याची तरतूद असते, पण मायनर कोणत्या विषयांत मिळते हे त्या महाविद्यालयावर अवलंबून असते आणि बहुतेक ठिकाणी ते तंत्रविषयांतच मिळते.

गोव्याबाहेर तुझ्यासाठी सर्वांत नेमके ठिकाण मला ट्रिपल आयटी (आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था) हैदराबाद हे वाटते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत तुझ्या आवडीला जुळणारे पाच वर्षांचे दोन जोड अभ्यासक्रम आहेत. एकात संगणकशास्त्रातील बी.टेक. बरोबर संगणकीय भाषाविज्ञानात संशोधनाधारित एम.एस. मिळते, दुसऱ्यात बी.टेक. च्या जोडीला संगणन आणि मानवी विद्या या क्षेत्रात तसेच एम.एस. मिळते. भाषातंत्रज्ञानाचे एक नावाजलेले संशोधन केंद्र त्याच आवारात आहे, त्यामुळे भाषेचा आणि यंत्राचा सांधा तेथे रोजच्या कामात दिसतो. प्रवेशासाठी संस्थेची स्वतंत्र परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत असते, आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते, जे तुझ्याकडे आहे. मात्र हे पाच वर्षांचे आणि शेवटी प्रबंध लिहून घेणारे शिक्षण आहे; प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजत बसण्याची तयारी नसलेल्या विद्यार्थ्याला ते जड जाते. जी मुलगी घरच्या कागदांसाठी स्वतःहून मोडी शिकू लागते, तिला ते जड जाईल असे मला वाटत नाही.

ट्रिपल आयटी दिल्ली येथे संगणकशास्त्र आणि सामाजिक शास्त्रे असा बी.टेक. अभ्यासक्रम आहे. प्रवेश जेईई मेनवर होतो, परंतु बहुतेक जागा दिल्लीच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने गोव्याच्या मुलीला उरलेल्या थोड्या जागांसाठी स्पर्धा करावी लागते. गांधीनगरच्या आयआयटीने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात मानव्यविद्यांना आरंभापासून चांगले स्थान दिले आहे. सोनिपतचे अशोका विद्यापीठ, पुण्याचे फ्लेम आणि आंध्र प्रदेशातील श्रीसिटीचे क्रिया या खाजगी विद्यापीठांत संगणकशास्त्र मेजर घेऊन इतिहास, साहित्य किंवा तत्त्वज्ञान मायनर करता येते, आणि पहिल्या काळात सर्वांनाच सर्व बाजूंचे विषय शिकावे लागतात. वातावरण मोकळे असते. शिक्षण इंग्रजीतून आणि खर्च मोठा असतो.

परदेशाविषयी तू विचारलेले नाहीस, पण तेथील एक अनुभव तुझ्या कामाचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राला इंग्रजी आणि संगीत हे विषय जोडून संयुक्त पदव्या सुरू केल्या, पुढे आणखी विषय जोडले, आणि २०१९ मध्ये तो सारा प्रयोग बंद केला. फार थोडे विद्यार्थी आले आणि दोन्हीकडील अभ्यासक्रम एकमेकांत मिसळले नाहीत. इतके साधनसंपन्न विद्यापीठ जर नुसते नाव जोडून थांबले तर तेथेही सांधा बसत नाही. याउलट ऑक्सफर्डचा संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान हा २०१२ मध्ये सुरू झालेला अभ्यासक्रम टिकून आहे, कारण तर्कशास्त्र हे त्या दोन विषयांचे मुळातच सामाईक अंगण आहे.

माझा सल्ला असा. हैदराबादची परीक्षा मनापासून दे आणि त्याच तयारीत जेईई व बिटसॅटही दे. त्यासाठी या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र यांना सर्वाधिक वेळ दे, मोडी रविवारी एक तास चालू ठेव. हैदराबाद मिळाले नाही, तर आपल्याच महाविद्यालयात संगणकशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर घेऊन चार वर्षे पूर्ण कर. या मार्गाला दुय्यम समजू नकोस. ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मानव्यविद्यांचे नावही नाही, तेथे केवळ ‘इंजिनीअर’ या शब्दासाठी जाण्यापेक्षा तो मला अधिक चांगला वाटतो. आणि बाबांना सांग की संगणकाच्या बाजूला तू काहीही कमी करणार नाहीस. ते ऐकून त्यांची अर्धी काळजी मिटेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला एका खाजगी विद्यापीठात संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र घ्यायचे आहे. मी नोकरदार माणूस आहे. एवढा खर्च करावा का, आणि पुढे नोकरी मिळेल का?
— एक पालक, म्हापसा

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे खर्चाचे आणि नोकरीचे असे दोन भाग करू या. शुल्क विचारताना एका वर्षाचे विचारू नका. चार वर्षांचे, वसतिगृह आणि भोजनासह, दरवर्षीच्या वाढीसकट लेखी मागून घ्या. ज्या विद्यापीठांत आर्थिक गरजेनुसार साहाय्य मिळते, तेथे प्रवेशाबरोबरच साहाय्याचा अर्ज करावा लागतो, आणि मिळालेले साहाय्य चारही वर्षे राहील की गुणांवर अवलंबून राहील हे पत्रात लिहून घ्यावे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. मुलाचा अभ्यासक्रम तिच्यात बसतो का, हे प्रवेश घेण्यापूर्वी तेथे जाऊन विचारावे, प्रवेश घेतल्यानंतर नव्हे. घर गहाण ठेवून हा अभ्यासक्रम करावा, असे मी कोणालाही सांगणार नाही, कारण अशाच विषयांची जोडी गोव्यातील महाविद्यालयात कमी खर्चात जुळवता येते आणि चांगले विद्यापीठ पदव्युत्तर शिक्षणासाठीही गाठता येते.

नोकरीसाठी कंपन्या मुलाखतीत डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम विचारतात, तत्त्वज्ञान विचारत नाहीत. म्हणून संगणकाचा पाया पूर्ण असेल तर तत्त्वज्ञानामुळे दार बंद होत नाही. विद्यापीठ सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा पुढे करते, तो बाजूला ठेवा आणि मागील तुकडीतील किती मुले आज काय करीत आहेत याची पूर्ण यादी मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली तर तुम्हाला हवे ते उत्तर मिळाले आहे. मुलाशी एकदा शांतपणे बसून त्याला तत्त्वज्ञानातील कोणता प्रश्न सतावतो, हे मात्र जरूर विचारा. यंत्राने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी कोणाची, असा काही प्रश्न त्याच्या मनात असेल, तर त्याची निवड विचारपूर्वक झाली आहे असे समजा.

प्रश्न : मी बारावी कला शाखेत आहे, गणित सोडलेले आहे. आमच्याकडील रणमाले या लोकनाट्याची गाणी आणि संवाद मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो. ती नीट जतन करावीत म्हणून संगणक शिकावासा वाटतो. आता उशीर झाला का?
— एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : उशीर झालेला नाही, पण गणिताला वळसा घालून जाता येईल अशी आशा ठेवू नकोस. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी संगणकशास्त्राच्या ऑनर्स पदवीला बारावीचे गणित लागते, त्यामुळे तो रस्ता सध्या बंद आहे. तुझ्यासाठी योग्य वाट ही की गोव्यातच मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन बी.ए. करावे आणि त्याच वेळी मद्रासच्या आयआयटीचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम सुरू करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यास मुभा दिली आहे. या बी.एस. ला बारावी कोणत्याही शाखेतून चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी असले की पुरते. पायाभूत, पदविका आणि पदवी असे टप्पे असल्यामुळे मध्येच थांबावे लागले तरी झालेले शिक्षण वाया जात नाही.

तुझे ध्वनिमुद्रण मात्र आजपासूनच व्यवस्थित कर. प्रत्येक मुद्रणासोबत गाव, तारीख, प्रसंग, गाणाऱ्याचे नाव आणि त्याची परवानगी, तसेच गाण्याचे पहिले पद एका तक्त्यात लिहून ठेव. एकच गोष्ट दर वेळी एकाच शब्दात लिही, एकदा ‘झर्मे’ आणि एकदा ‘झरमे’ असे करू नकोस. एका नावाचे एकच लेखन ठरवणे हा डेटाबेसचा पहिला धडा आहे आणि लोकसाहित्याच्या संकलनाचाही तोच पहिला धडा आहे. एक प्रत मोबाइलवर आणि दुसरी घरातल्या वेगळ्या डिस्कवर असू दे.

आयआयटीच्या त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळण्यापूर्वी चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचारपद्धती आणि इंग्रजी हे चार विषय शिकवतात, दर आठवड्याला स्वाध्याय घेतात आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. बारावीची परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी दहावीचे गणिताचे पुस्तक काढ आणि बीजगणितापासून सुरुवात कर. सुट्टीत रोज दोन तास दिलेस तर ती परीक्षा तुझ्या आवाक्यात आहे; आणि एखादे प्रकरण अडले, तर तुझ्याच विद्यालयात विज्ञान शाखेला गणित शिकवणाऱ्या सरांकडे किंवा बाईंकडे जा. कला शाखेचा मुलगा स्वतःहून गणित विचारायला आला, तर त्याला परत पाठवणारा शिक्षक मी आजवर पाहिलेला नाही.